द्राक्ष बागायतदारांचा गट स्वतःच्या सर्व्हरवर: झुलिपचा एका हंगामाचा अनुभव

आधीच सांगतो, आमचा गट आयटीवाल्यांचा नाही. निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांतले द्राक्ष बागायतदार, काही कृषी सेवा केंद्रवाले, दोघे-तिघे सल्लागार, आणि माझ्यासारखे नाशकात नोकरी करून सुट्टीला घरच्या बागेत पळणारे, अशी दोनशेच्या आसपास माणसं. गेल्या खरड छाटणीच्या (माल निघाल्यावरच्या उन्हाळी छाटणीच्या) दिवसांत आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपला पर्याय म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर झुलिप हे गटात बोलायचं सॉफ्टवेअर बसवलं. गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची), पाऊस, डिपिंग (घड औषधात बुडवणं), माल काढणी हे सगळं त्यावर पार पडलं. आता बागा विश्रांतीला आहेत आणि मलाही लिहायला सवड आहे. ज्यांना नुसतं मत हवंय त्यांच्यासाठी: आम्ही हे ठेवणार आहोत. सर्व्हरचा त्रास वाटला होता त्यापेक्षा कमी झाला, लॉगिन आणि नोटिफिकेशननं मात्र घाम काढला.

व्हॉट्सॲपवर काय अडलं होतं? १०२४ सदस्यांची मर्यादा आम्हाला कधी लागलीच नसती. अडायचं ऑक्टोबरमध्ये. एकाची छाटणी दसऱ्याआधी, दुसऱ्याची दिवाळीच्या पुढे. एकाच सकाळी कुणी पेस्टिंगचं (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या औषधाचं) प्रमाण विचारतोय, कुणाची बाग पोंग्यात, म्हणजे नुकती फुटू लागलेली आहे, कुणी उडद्या किडीनं खाल्लेल्या डोळ्यांचा फोटो टाकतोय, आणि मधेच शुभ सकाळ नि कुणाच्या तरी दशक्रियेचा निरोप. द्राक्षात बोलणं छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. 'माझा बाविसावा दिवस' म्हटलं की समोरच्याला निम्मी बाग दिसते. पण त्या माणसाला उत्तर मिळेपर्यंत वर दहा विषय चढलेले असायचे. फुलोऱ्यात पाऊस लागला तेव्हा डाउनी या बुरशीच्या रोगावर कुणी काय मारलं आणि कशानं आटोक्यात आली, हे ग्रुपमध्ये लिहिलेलं असायचं, फक्त सापडायचं नाही. आमचे एक सल्लागार आहेत, सगळे त्यांना सरच म्हणतात. दर हंगामात तीच उत्तरं नव्यानं टाइप करून ते कंटाळले आणि 'फोन करा' म्हणू लागले. फोनवरचा सल्ला एकाच्याच कामाला येतो.

म्हणून पर्याय बघायला बसलो तेव्हा माझी कसोटी एकच होती. यंदा दिलेलं उत्तर पुढच्या वर्षी त्याच अवस्थेला, ब्लोअर (फवारणी यंत्र) जोडून उभ्या असलेल्या माणसाला पटकन सापडलं पाहिजे. स्टिकर, कॉल, इमोजी यांना मी गुणच ठेवले नाहीत.

सुरुवात माझ्या आवडीपासून केली. आयआरसी, म्हणजे १९८८ साली फिनलंडमध्ये सुरू झालेली जुनी चॅटची पद्धत, आणि त्यावर ब्राउझरमधून वापरायचं द लाउंज. इतकं हलकं दुसरं काही नाही. सर्वांत स्वस्त सर्व्हरवरही पळतं. तुमचा ब्राउझर बंद असला तरी तुमच्या वतीनं ते जोडलेलं राहतं, त्यामुळे परत आल्यावर मधलं सगळं वाचता येतं. फोटो चढवायची सोयही चालू करता येते. अडलं ते देवनागरीवर. आयआरसीत एका ओळीला ५१२ बाइटची मर्यादा आहे, आणि त्यातूनच पाठवणाऱ्याचं नाव, चॅनेलचं नाव वगैरे वजा होतं. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. नुसत्या 'द्राक्ष' या शब्दाला २१ बाइट जातात. त्यामुळे सरांचं फवारणीचं वेळापत्रक तुकड्या-तुकड्यांनी यायचं आणि मधे कुणाचं तरी 'ओके सर' घुसायचं. औषधाचं नाव एका तुकड्यात, लिटरमागचं प्रमाण दुसऱ्यात. गप्पांना हे चालेल. फवारणीला चालणार नाही, बाग जळेल.

मग मॅट्रिक्स ही चॅटची खुली यंत्रणा आणि ती वापरायचं ॲप एलिमेंट. (हे आधी रायट होतं, २०२०मध्ये नाव बदललं.) एलिमेंटची वेब आवृत्ती बसवणं सोपं आहे, कारण ती म्हणजे नुसत्या तयार फाइली. कुठल्याही वेब सर्व्हरवर ठेवायच्या, एका कॉन्फिग फाइलमध्ये आपल्या होमसर्व्हरचा पत्ता द्यायचा, झालं. खरं काम मागच्या सिनॅप्सला, म्हणजे होमसर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला असतं. चाचणीला घेतलेल्या आठ-दहा जणांना दिसायला हेच सगळ्यांत जवळचं वाटलं, कारण ते व्हॉट्सॲपसारखं दिसतं. बिनसलं ते चाव्यांवर. खासगी खोली (तिथला ग्रुप) उघडली की एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज कुलूपबंद ठेवणं, आपसूक चालू असतं. फोन बदलला की जुन्या डिव्हाइसवरून पडताळणी करा, नाहीतर रिकव्हरी की द्या. आमच्याकडे फोन पाण्याच्या टाकीत पडतात, ट्रॅक्टरखाली येतात, पोरं फॉरमॅट मारतात. रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली विचारलं तर आमच्यातले आप्पा म्हणाले, "ती काय असती?" मग जुने मेसेज उघडत नाहीत. यात एलिमेंटचा दोष नाही, एन्क्रिप्शन म्हणजे तेच. आमच्या बोलण्यात लपवण्यासारखंही फारसं नसतं. भर म्हणजे एन्क्रिप्टेड खोलीत वेब आवृत्तीत शोध चालत नाही, त्यासाठी डेस्कटॉप ॲप लागतं. एन्क्रिप्शन बंद ठेवून खोली करता येते, आम्ही केलीही. पण मग उरतो तो पुन्हा एकच लांबलचक प्रवाह. जिथे गुप्तता महत्त्वाची आहे, पत्रकार असोत वा वकील, तिथे मी मॅट्रिक्सच सुचवीन.

रॉकेट.चॅट आणि मॅटरमोस्ट या ऑफिसातल्या चॅटच्या सॉफ्टवेअरवर मी फार वेळ घातला नाही. दोन्ही ऑफिससाठी बरी, थ्रेड (एका मेसेजखालची वेगळी चर्चा) आहेत, पण थ्रेड उघडायची शिस्त माणसाच्या हातात राहते आणि आमच्यात ती शिस्त नाही. टेलिग्रामचा मात्र गंभीरपणे विचार केला. २०२२पासून तिथे ग्रुपमध्ये टॉपिक आलेत, सर्व्हरची कटकट नाही, फोन नंबरवर लॉगिन. तरुण पोरांचं मत तिकडेच होतं. पण सरांना आणि दुकानवाल्यांना सगळं कंप्युटरवर, मोठ्या पडद्यावर, ब्राउझरमध्ये हवं होतं, आणि मला गटाची माहिती गटाच्या ताब्यात हवी होती. टेलिग्राम घेतलं असतं तरी गट बुडाला नसता, हेही सांगून टाकतो.

झुलिप २०१२मध्ये सुरू झालं, २०१४मध्ये ड्रॉपबॉक्सनं घेतलं आणि २०१५मध्ये त्याचा कोड खुला झाला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे चॅनेलच्या आत प्रत्येक मेसेज कुठल्या ना कुठल्या टॉपिकखाली जातो. टॉपिक आधी तयार करून ठेवावा लागत नाही, लिहिताना नाव दिलं की झाला. चुकीच्या टॉपिकखाली पडलेले मेसेज नंतर उचलून दुसरीकडे हलवता येतात. या एका सोयीवर आमचा सगळा संसार चालला. शिस्त प्रत्येकाकडून मागायची नाही, दोन-तीन जणांनी मागून आवरत जायचं.

बसवणं. घरच्या जुन्या कंप्युटरवर फुकट ठेवू, अशी एक सूचना आली होती. आमच्या गावात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि बहुतेक घरगुती ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच मिळत नाही, अनेक घरांना मिळून एक असतो. तेव्हा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता सर्व्हर) घेतला. झुलिपची मार्गदर्शिका किमान २ जीबी रॅम सांगते आणि शंभराच्या वर लोक असतील तर ४ जीबी व दोन सीपीयू. आम्ही ४ जीबीचाच घेतला आणि हंगामाच्या ऐन गर्दीतही तो कधी गुदमरला नाही. इन्स्टॉलर उबुंटूवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रॅबिटएमक्यू, रेडिस, एनजिनेक्स असे मागे लागणारे प्रोग्रॅम, सगळं स्वतः उभं करतो. फक्त त्याच मशीनवर आणखी कुठली वेबसाइट ठेवायचा मोह टाळा, तो संपूर्ण मशीन आपलं समजून वागतो. वेबसाइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, तेही आपोआप नवं होतं. लिनक्सची सवय असलेल्याला एक संध्याकाळ पुरे. सर्व्हर आणि डोमेनचा खर्च वर्गणीतून निघतो आणि डोक्यामागं इतका कमी पडतो की त्यावर बैठकीत चर्चाही झाली नाही.

मेलनं मात्र अडवलं. खातं उघडायला, पासवर्ड बदलायला सर्व्हरकडून ईमेल जायला हवी, आणि आमच्या सर्व्हर कंपनीनं मेलचे पोर्ट बंद ठेवलेले. स्पॅमच्या भीतीनं बऱ्याच कंपन्या असं करतात. वेगळी मेल सेवा जोडल्यावर ईमेल जायला लागल्या, पण त्या बघणार कोण? द्राक्ष बागायतदार ईमेल उघडत नाही. अँड्रॉइड फोन आहे म्हणजे जीमेल आहेच, पण तिचा पासवर्ड दुकानातल्या पोरानं टाकलेला. फोन नंबर आणि ओटीपी हीच आमच्याकडची ओळख, आणि झुलिपमध्ये ती सोय नाही. शेवटी गूगल लॉगिन जोडलं. एक बटण दाबायचं, फोनमध्ये असलेलं खातं निवडायचं. त्या दिवसापासून 'आत जाता येत नाही' हे फोन जवळजवळ थांबले. कुणी बसवणार असेल तर माणसं बोलवायच्या आधी हे करा.

दुसरी अडचण नोटिफिकेशनची, आणि ती कुणी आधी सांगत नाही. सर्व्हर तुमचा असला तरी फोनवर घंटा वाजवायला गूगल आणि ॲपलच्या यंत्रणेतून जावं लागतं, आणि तिथली चावी ॲप बनवणाऱ्यांकडे असते. म्हणून स्वतः बसवलेल्या झुलिपलाही नोटिफिकेशन झुलिप कंपनीच्या सेवेतून पाठवावी लागतात. दहापर्यंत वापरकर्ते असतील तर ती सेवा फुकट. त्यापुढे पैसे, किंवा ना-नफा गटांसाठी वगैरे सवलत आहे तिच्यासाठी अर्ज. आम्ही अर्ज केला आणि आमचं काम झालं. पण 'स्वतःचा सर्व्हर, सगळं आपल्या हातात' म्हणणाऱ्यांनी हा धागा दुसऱ्याच्या हातात आहे हे लक्षात ठेवावं.

नोटिफिकेशन चालू झाली तरी तक्रार राहिलीच: "दादा, मेसेज येतच नाही." कारण झुलिप मुळात प्रत्येक मेसेजला घंटा वाजवत नाही. थेट तुम्हाला लिहिलं, तुमचं नाव घेतलं, किंवा तुम्ही फॉलो केलेल्या टॉपिकमध्ये कुणी बोललं, तरच वाजते. मला हे फार आवडतं. पण आमच्या मंडळींना वाजलं नाही म्हणजे बंद पडलं असं वाटतं. त्यावर 'इशारा' नावाचं एक चॅनेल काढलं. तिथे फक्त सर आणि आम्ही दोघं-तिघं लिहू शकतो आणि जे लिहू ते सगळ्यांच्या फोनवर वाजतं. पावसाचा अंदाज, गारपिटीची शक्यता, एखाद्या औषधाबद्दलची सूचना, एवढंच. त्या चॅनेलमुळे लोकांनी ॲप काढून टाकलं नाही, असं माझं मत आहे.

चॅनेलं आम्ही मोजकीच ठेवली: खरड छाटणी, गोडी छाटणी, निर्यात, बाजार, अवजारं आणि गप्पा. गोडी छाटणीच्या चॅनेलमध्ये टॉपिक दिवसांवर पडले. 'दिवस १० ते २०', 'फुलोरा', 'पहिलं डिपिंग', 'विरळणी', 'मणी तडकणे'. ही नावं कुणी ठरवून दिली नव्हती. पिंपळगावच्या एका कृषी सेवा केंद्रात कंप्युटरसमोर बसून सर मेसेज हलवत गेले, आणि त्यांच्या हातून ही घडी बसली. ब्राउझरमधली आवृत्ती इथे खरी कामाला येते. डाव्या बाजूला टॉपिकांची यादी, कुठे किती न वाचलेलं आहे ते आकडे, कीबोर्डनं एकामागून एक टॉपिक संपवत जायचं. दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की सर अर्ध्या तासात दिवसभराचे प्रश्न उरकतात. उत्तर मिळालं की टॉपिकवर बरोबरची खूण करता येते, म्हणजे कोणता प्रश्न लटकलाय तेही दिसतं. फोनवरचं ॲप ठीक आहे, वाचायला आणि फोटो टाकायला. मेसेज आवरायचं काम फोनवर करू नये, बोटं थकतात.

फुलोऱ्याच्या सुमारास दोन दिवस ढग आले तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. व्हॉट्सॲपवर असल्या रात्री जत्रा भरायची. इथे 'फुलोरा' टॉपिकमध्ये पानाच्या मागच्या पांढऱ्या बुरशीचे फोटो येत होते, त्याच वेळी 'दिवस १० ते २०'मध्ये उशिरा छाटणी केलेली मंडळी आपलं बोलत होती, आणि कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. ज्याची बाग अजून पोंग्यातही नव्हती त्यानं नंतर तो टॉपिक सलग वाचला, स्वतःवर वेळ यायच्या आधी. मला हवं होतं ते हेच.

आता जे जमलं नाही ते. बोलून पाठवायची सोय. व्हॉट्सॲपवर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, हात औषधानं भरलेले असले तरी चालतं. झुलिपच्या ॲपमध्ये आम्हाला तसं बटण मिळालं नाही. मग कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं नि त्याचं लिखाण होऊ द्यायचं, असं शिकवलं. आमचे नाना आता तसंच करतात, पण कीबोर्ड 'भुरी' या रोगाच्या नावाचं काय काय करतो ते पाहून गटाची करमणूक होते. माझ्या दृष्टीनं हा तोटा नाही, कारण आवाजातला सल्ला पुढच्या वर्षी शोधता येत नाही. पण काही वयस्कर मंडळी या एका कारणासाठी आली नाहीत, आणि त्यांच्याकडचा अनुभव सगळ्यांत जास्त.

शोधाबद्दल थोडं तांत्रिक. झुलिपचा नेहमीचा शोध इंग्रजीच्या व्याकरणावर बेतलेला आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे 'भुरी' शोधलं तर 'भुरीवर', 'भुरीसाठी' हातचे निसटत. दुसऱ्या भाषांसाठी पीग्रूंगा नावाचं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन जोडता येतं, त्याची कृती मार्गदर्शिकेत आहे. जोडल्यावर आम्हाला फरक पडला. पण एकाच रोगाला कुणी डाउनी लिहितं, कुणी डावणी, कुणी केवडा, कुणी रोमन अक्षरांत, त्याला कुठलंही एक्स्टेन्शन पुरं पडणार नाही. टॉपिकचं नाव नीट असलं की हा प्रश्न बराचसा सुटतो. लोक शब्द शोधत नाहीत, अवस्था शोधतात.

फोटोंनी डिस्क भरते. यादीत छोटी प्रतिमा दिसते, पण मूळ फाइल सर्व्हरवर राहते आणि आजकालचे फोन एका पानाचा फोटो कित्येक एमबीचा काढतात. फाइलची मर्यादा सेटिंगमध्ये कमी केली आणि व्हिडिओ गप्पांपुरतेच ठेवले. तरीही डिस्क वाढवावी लागणार आहे, आणि ती वाढवायला सोपी असलेलीच योजना निवडा.

'बाजार' चॅनेलनं एक वेगळंच प्रकरण उभं केलं. द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पसार होणं आमच्या भागाला नवीन नाही, आणि माल निघायला लागला की नावं घेऊन सावध करणारे मेसेज येतात. व्हॉट्सॲपवर त्याची जबाबदारी हवेत विरून जायची. इथे सर्व्हर आमचा, नोंद कायमची, शोधली की सापडणारी. खरं असलं तर चारजणांचे पैसे वाचतात, खोटं असलं तर एका माणसाचं नाव उगाच खराब होतं आणि बदनामीची नोटीस आमच्या दारात येते. बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की ज्याचे पैसे अडकलेत त्यानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या व्यवहाराबद्दल तेवढं लिहायचं. ऐकीव मेसेज काढले जातील. काही जण यावर नाराज आहेत. माझं तरी असं की सर्व्हर बसवण्याआधी हा नियम लिहून काढायला हवा, सॉफ्टवेअर हा प्रश्न सोडवत नाही.

देखभाल फार नाही. नवी आवृत्ती आली की अपग्रेडची आज्ञा द्यायची, काही मिनिटं बंद राहतं. आम्ही हे माल काढणीच्या काळात मुद्दाम टाळलं, सुरक्षेचे सुधार सोडून. बॅकअप एका आज्ञेत डेटाबेस आणि फोटोंसकट एका फाइलमध्ये बांधला जातो, तो दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवतो. लक्षात ठेवायचं ते इतकंच की परत उभारताना झुलिपची आणि पोस्टग्रेसची आवृत्ती तीच लागते. म्हणून बॅकअपच्या फाइलच्या नावातच आवृत्ती लिहितो. आणि उभारून पाहिल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवू नका.

जुना व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. शुभ सकाळ, लग्नपत्रिका, निवडणुका तिकडे. दोनशेपैकी झुलिपवर रोज लिहिणारे थोडे, वाचणारे बरेच, आणि काही जणांच्या फोनवर ते नुसतं 'इशारा'साठी आहे. याची मला खंत नाही.

राहता राहिलं ते किल्ल्यांचं. सर्व्हरचा पासवर्ड, डोमेन, मेल सेवा, नोटिफिकेशनचा अर्ज, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर आहे, आणि मी आजारी पडलो किंवा कंटाळलो तर गट त्याच दिवशी आंधळा होईल. मोहाडीकडच्या एका बागायतदाराची मुलगी नाशकात इंजिनिअरिंग करते, ती आता हे शिकतेय. मागच्या महिन्यात तिनं बॅकअपवरून अख्खा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर एकटीनं उभा केला. डोमेन गटाच्या नावावर करायचे कागद चालू आहेत. पुढचं मोठं अपग्रेड खरड छाटणी उरकली की तीच करणार आहे, मी शेजारी बसणार.